पाटील सरांना कळलेलं जॅझ

जॅझ मला आवडतं, एवढंच मी बोललो होतो. तेवढ्यावर पाटील सरांनी विचारलं, "वाजवता काय?"

"काही नाही. ऐकतो."

"मग तुम्हाला ते कळत नाही, नुसतं ऐकू येतं!"

हे सर पिंप्राळ्यात आमच्या शेजारी राहतात. दोन महिने सॅक्सोफोनच्या क्लासला काय गेले, तेव्हापासून आम्ही मान डोलावली तरी ती चुकीच्या जागी डोलावली म्हणतात.

परवा जामनेरला माझ्या काकांच्या, म्हणजे नानांच्या शेतात भरीत पार्टी होती. सरांनी सोबत ब्लूटूथ स्पीकर आणला, खाटेवर बसून जॅझ लावलं आणि डोळे मिटले. मागे नानांनी भाजलेली वांगी आणि मिरच्या लाकडी बडगीत घालून मुसळाने ठेचायला घेतल्या. पाच मिनिटांत स्पीकरचा दिवा विझला. चार्जिंग संपलं होतं.

मी म्हटलं, "सर, ते..."

सरांनी डोळे न उघडताच हात वर केला. "शू! बाकीचे सगळे थांबलेत, आता एकटा ड्रमर मोकळा सुटलाय. ऐका, कसा मुद्दाम ताल मोडतोय! हे वाजवणाऱ्यालाच कळतं."

ते ऐकून नानांचा हात थांबला.

"वा!" सर म्हणाले, "काय जागा सोडली!"

नाना वांग्याने माखलेलं मुसळ घेऊन सरांसमोर येऊन उभे राहिले.

"साहेब, तुमाले कळतं म्हनून इचारतो. आजून ठेचू, का फोडणी टाकू?"