रुळाला लावलेला कान

पुन्हा तोच किस्सा? एक कप चहा पाजायचा आन् म्हाताऱ्याची फजिती ऐकायची, लई हुशार हाय तुमी. बरं, ऐका.

कारखान्याला ऊस वाहनारी जुनी रेल्वे बंद पडली, तिथं आता बाग केलीय. रूळ तेवढे शोभेला ठेवलेत. सुनेचे वडील, आमचे व्याही नामदेवराव, मला ती बाग दाखवायला घेऊन गेल्ते. लहानपनी आमी रुळाला कान लावून गाडी येती का ते ऐकायचो. म्हनलं, बघू तरी. आडवा झालो, कान लावला, डोळे मिटले.

तेवढ्यात व्याही बोंबलले, "धावा रं! आमच्या व्याह्यांना फिट आली!"

मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पायातली चप्पल काढून माझ्या नाकाला लावली. सगळी बाग गोळा झाली.

"अहो, मी गाडी ऐकतोय!" मी वरडलो.

"बडबडायला लागले! एक चप्पल कमी पडली वाटतं," म्हनत त्यांनी दुसरी पन हुंगवली.

घरी येऊन लेकीला सांगत्यात, "माझ्या चपलेनं तुझा सासरा वाचला." व्याह्याचा मान म्हनून मी बी हो म्हनलं. पन माफी मागायची राहिलीय, आन् ती मागायचीय नामदेवरावानं.