अजून ठरत नाही

मेकन शहरातल्या औषधांच्या दुकानात, रांगेत माझ्यापुढे वर्डेल आणि ओनीडा या दोन म्हाताऱ्या मैत्रिणी.

"वर्डेल, आपलाच सिनेटर पुन्हा निवडून आला, मग तोंड का पाडलंस?"

"त्याचा प्रचारवाला डिमेट्रियस रोज संध्याकाळी फोन करायचा. मत कुणाला, विचारायचा. मी म्हणायचे, अजून ठरत नाही."

"अगं, जन्मभर त्याच पक्षाला देतेस की!"

"ठरलं म्हटलं की फोन बंद होतात, बाई."

"मग दिलंस कुणाला?"

"तिसऱ्याच कुणाला तरी. निम्म्या मतांच्या वर कुणीच गेलं नाही, तर आपल्याकडे पुन्हा मतदान. म्हणजे आणखी महिनाभर प्रचार!"

"धन्य आहेस! आता तूच कर त्याला फोन."

"केला. तिथे सिनेटरचा आवाज भरून ठेवलाय. आभार मानतो आणि मी जेवले का, हे न विचारताच ठेवून देतो."