कालव्यावरचं राहिलेलं चित्र

बसा सगळे. मागच्या खुर्च्यांवरचे कोट उचला आणि बसा. हॉल आपल्याकडेच आहे, घाई नाही. रीडिंगहून, वेम्बलीहून लोक आलेत. कालव्यावर आपल्याबरोबर चित्रं काढणारे आपले इथले शेजारीही आलेत. माझं मराठी त्यांना कळणार नाही, त्यांना मी नंतर बसून सगळं सांगीन. मी सुलभा. जन्मभर इथल्या शाळेत शिकवलं, त्यामुळे बोल म्हणून कुणी मला सांगायची कधी गरज पडली नाही. आज मात्र नलूने सांगितलं म्हणून उभी आहे. नाहीतर मी तुमच्यात बसले असते आणि खाली मान घालून राहिले असते.

डॉक्टर गेले. आपले अरविंद डॉक्टर. नलूचे यजमान, नीलचे बाबा. या शहरातल्या कितीतरी लोकांची मोडलेली हाडं त्यांनी जुळवली. रिटायर झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मला फोन केला, सुलभाताई, कालव्यावर चला, एक गंमत दाखवतो.

गंमत म्हणजे त्या लांब, अरुंद बोटी. तुम्ही सगळ्यांनी पाहिल्यात. दारांवर, बादल्यांवर, पाण्याच्या डब्यांवर रंगवलेले गुलाब आणि किल्ले. पूर्वी कोळसा वाहणारी माणसं बायकापोरांसकट त्या बोटीतच राहायची. त्यांनी हे रंगवायला सुरुवात केली. डॉक्टर म्हणाले, बघा, ज्यांना जमिनीवर एक खोली नाही त्यांनी दारावर किल्ला काढलाय. मी म्हटलं, बरं, मग? ते म्हणाले, मग आपण काढू. मी म्हटलं, मला मांजरसुद्धा काढता येत नाही. ते म्हणाले, मांजर नाहीच काढायची.

अशी आपली रविवारची चित्रं सुरू झाली. महिन्यातला एक रविवार, कालव्याच्या काठी, घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन. आधी आपण मराठी घरंच होतो. मग बोटवाले थांबून बघायला लागले, मग तेही बसायला लागले. तिळगुळाच्या वड्या रंगाच्या डब्याशेजारी ठेवून आपण तिथे संक्रांतसुद्धा केली. नियम एकच होता, आणि तो डॉक्टरांचा. जे बाहेर सुरू केलं ते बाहेरच पुरं करायचं. घरी जाऊन, हीटिंग लावून, फोनवरचा फोटो बघून नाही. राहिलं तर राहिलं. पुढच्या वेळी त्याच जागी येऊन बसायचं.

नंतर पार्किन्सन्स आला. तुम्ही पाहिलंय. ज्या हातांनी हाडांत खिळे बसवले त्या हातांना शर्टाचं बटण लागेना. बटणं नलू लावायची. अक्षर बारीक होत होत गेलं आणि मग गेलंच. सही बँकेने मानली नाही. आवाज इतका खाली गेला की टेबलापलीकडच्या माणसाला ऐकू येईना. आम्हाला वाटलं, आता हे कालव्यावर येणार नाहीत. ते आले. हात हलायचा, रेघ हलायची. मी एकदा आगाऊपणाने म्हटलं, डॉक्टर, मनगटाखाली उशी ठेवू का? त्यांनी मान हलवली. नलूने कान जवळ नेला आणि आम्हाला सांगितलं, ते म्हणतायत, हलतेय तर हलू दे, माझीच आहे.

हे मी का सांगतेय? कारण नलूकडे त्यांचं दुसरं काही उरत नव्हतं. अक्षर नाही, आवाज नाही. ती थरथरती रेघ तेवढी होती. ती म्हणायची, सुलभा, हे कागदावर बोलतात गं.

त्या रविवारी भुरभुर पाऊस होता. पुलाखाली आपण सगळे दाटीने बसलो होतो, तरी वाऱ्याने पाणी आत उडत होतं. डॉक्टर पूल, पाणी आणि एक बांधलेली बोट काढत होते. हातातून ब्रश पडला. नेहमीसारखाच पडला असं वाटून मी उचलायला वाकले, आणि मग त्यांचा चेहरा पाहिला. ॲम्ब्युलन्स आली. नलू त्यात बसली, आम्ही गाड्यांतून मागे गेलो. डॉक्टरांचे मित्र, आपले शरदराव, तेवढे थांबले. कुणीतरी सामान आवरायला हवं होतं. कागद अजून ओला होता. पाणी ओघळू नये म्हणून त्यांनी तो मांडीवर आडवा धरला, आणि पाऊस थांबेपर्यंत तसेच बसून राहिले. डॉक्टर हॉस्पिटलमधून घरी आले नाहीत.

आता जे सांगणार आहे ते शरदरावांना विचारून सांगतेय, नलूला विचारून सांगतेय. व्हॉट्सॲपवर तुम्ही लोकांनी शरदरावांबद्दल जे चालवलंय ते मी वाचलंय. अर्धी गोष्ट फिरली की ती पुऱ्या गोष्टीपेक्षा वाईट होते. म्हणून पुरी ऐका.

शरदराव इथल्या मोटारींच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. एकाची ड्रॉइंग राहिली, तो रजेवर गेला, की दुसऱ्याने ती पुरी करायची. अशी करायची की हात बदललाय हे कुणाला दिसू नये. दिसला तर काम कच्चं. ही त्यांची जन्मभराची शिस्त. डॉक्टरांचे दिवस झाले, नलूकडे जायचं होतं, आणि हातात मित्राचं अर्धं चित्र. ते देववेना. ते पुन्हा कालव्यावर गेले. त्याच पुलाखाली, त्याच जागी बसले. डॉक्टरांचाच डबा, डॉक्टरांचाच ब्रश. नियम मोडला नाही त्यांनी. बाहेर सुरू झालेलं बाहेरच पुरं केलं. पावसाने जिथे रेघ पुसट झाली होती तिथे ती पुन्हा ओढली. आणि ती सरळ ओढली नाही. आधी घरी रद्दी कागदांवर हात बसवला आणि मग डॉक्टरांसारखी, हलती रेघ ओढली.

नलूने चित्र पाहिलं आणि तिचा चेहरा फुलला. शरदभावजी, ह्यांनी पुरं केलं होतं हो, म्हणाली. मला वाटत होतं अर्ध्यात उठावं लागलं त्यांना.

शरदराव गप्प बसू शकले असते. मी असते तर बसले असते, सरळ सांगते. पण ते म्हणाले, वहिनी, अर्धं राहिलं होतं. बाकीचं मी केलं.

नलूने चित्र परत ढकललं नाही की फेकलं नाही. तिने त्यांना चहा दिला. ते गेल्यावर ती खिडकीशी चित्र घेऊन बसली. नीलने मला फोन केला. त्याच्या इंग्रजी वळणाच्या मराठीत म्हणाला, सुलभामावशी, आई फक्त एक गोष्ट विचारते, बाबाचा लाइन कुठे थांबला?  ये ना तू.

मी गेले. मी संतापले होते. शरदरावांवर संतापले होते, आणि ते त्यांना तोंडावर सांगितलंय. एवढं जपून, एवढ्या मायेने कुणी कुणाला लुटतं का? आपण सगळ्यांनी आपापले फोन चाळले. त्या दिवशीच्या फोटोत डॉक्टरांची पाठ आहे, टोपी आहे, छत्री आहे. चित्र नाही. पाऊस होता, बाकी वेळ फोन खिशात होते.

काल नलूने शरदरावांना बोलावलं. मी आणि नील तिथे होतो. तिने डायनिंग टेबल पुसून कोरडं केलं आणि चित्र ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाली, "भावजी, मी रागावले नाहीये. ते जिथे थांबले तिथे फक्त बोट ठेवा. त्याच्या अलीकडचं मला द्या."

शरदरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पुलाच्या कमानीवर बोट ठेवलं. मग पाण्यावर नेलं. मग बोटीच्या दोरावर. तिथून परत कमानीवर आणलं. मी खूप माणसं घाबरलेली पाहिलीत, परीक्षेला बसलेली पोरं पाहिलीत. इतकं घाबरलेलं बोट मी पाहिलं नव्हतं.

शेवटी त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, "वहिनी, मलाही सापडत नाही."

नलूने चित्र स्वतःकडे वळवलं. मग म्हणाली, "म्हणजे आता कुणालाच माहीत नाही."

मंडळी, दोघांची मैत्री कागदावर एक झाली, असं काहीतरी गोड मला म्हणता आलं असतं. काल नीलच्या मनात तेच होतं, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. नलूचं जे गेलंय ते गेलंय, आणि प्रेमाने गेलंय म्हणून ते कमी गेलं असं होत नाही. शरदराव मागे कोपऱ्यात बसलेत. त्यांनी कालव्यावर यायचं सोडलंय. त्यांच्याशी बोला. त्यांना क्षमा करायचा अधिकार तुमचा नाही, माझाही नाही. पण चहा विचारायचा आहे. तेवढं नलूने केलं, तर आपल्याला जड जाऊ नये.

चित्र इथे टेबलावर आहे. नलूच्या सांगण्यावरून त्याला हार घातलेला नाही. आता आपण उभे राहू आणि गप्प राहू. मी घड्याळ बघणार नाही. नलू खाली बसली की बसायचं. नंतर ज्यांना चित्र बघायचंय त्यांनी जवळ जाऊन बघा, हवं तितका वेळ बघा. फक्त एक विनंती आहे. तुमच्यात डोळस लोक आहेत, चित्रातलं कळणारे आहेत. कुणाला वाटेल, सापडलं, इथे. तसं वाटलं तरी बोट ठेवू नका. तिला आता अंदाज नकोत.

डॉक्टर, नमस्कार. उठा सगळे.