माझ्या लेकीचं घर आधी कुणाचं होतं

आम्ही शिंपी, पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचे. लष्कर मोहल्ल्यात सासऱ्यांचं दुकान होतं, तिथेच मी अजून ब्लाउज शिवते. मूळ गाव विचारलंत तर काय सांगू तुम्हाला, सासऱ्यांनाही ठाऊक नव्हतं, घरात मराठी राहिली, गाव राहिलं नाही.

लेक सविता तिकडे चेक देशात कंप्युटरच्या कामाला, जावईही तिथेच, तर तिच्या बाळंतपणाला मी गेले. डोंगरातलं एवढंसं गाव, नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही. मध्ये ओढा, ओढ्याकाठी चर्च, वर तिन्ही बाजूंनी दाट काळं रान आणि रान ओलांडलं की जर्मनी. रानात फिरायला गेले तर, नोडी, बघा हं, मध्येच सफरचंदाची झाडं, तीही रांगेत. इथे कोणी लावली गं, म्हटलं, तर सविता म्हणाली, अम्मा, इथे घरं होती. जर्मन बोलणारी माणसं, कितीतरी पिढ्या इथलीच, पण मोठ्या युद्धात जर्मनी हरली तसं त्यांना सांगितलं, बोचकं उचला आणि निघा. दुसरीकडून माणसं आणून बसवली, ती थोडी, उरलेली घरं पडली.

मग तुझं घर आधी कुणाचं गं, म्हटलं, तर ती पुढे चालू लागली.

बाळ झाल्यावर एका सकाळी फाटकाशी एक म्हातारी, पन्नाशीतल्या मुलाचा हात धरून उभी, घराकडे नुसती बघत. सविता घाबरली, अम्मा, उघडू नको, घर मागायला आली असतील. साकु, पुरे कर, म्हटलं, आणि मीच उघडलं. म्हातारी आत आली, भिंतीवरून हात फिरवत राहिली. तिच्या मुलाने इंग्लिशमध्ये सविताला सांगितलं, हिचा जन्म याच खोलीतला, घर नको आम्हाला, हिला एकदा बघायचं होतं. घर सोडून निघाले तेव्हा ही लहान होती, गाईची धार काढायची राहिली, वळणापर्यंत हंबरणं ऐकू येत होतं, ही अजून विचारते, नंतर कुणी काढली असेल का.

तिची भाषा मला येईना, माझी तिला. मी बाळ आणून तिच्या मांडीवर दिलं. तिने त्याच्या टाळूवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

ती म्हातारी वारली, तिच्या मुलाने कळवलं, परवा सविताने फोनवर सांगितलं, मी इथे देवापुढे दिवा लावला. नातू आता तिथल्या शाळेत जातो, चेकच बोलतो. म्हैसूरला ये की राहायला, म्हटलं तर म्हणतो, अज्जी, मी इथला. राहा रे बाबा, सुखाने राहा, तुला तिथून कुणी ऊठ म्हणू नये, एवढंच.