हमीद मास्तरची वही अन् माहा अहवाल

गावकरी मंडळी, मायबहिणी, समोर बसलेला मास्तरचा पोरगा सलीम, अन् सलीमच्या बाजूनं बसलेली त्याची पोरगी झोया.

सरपंचायनं मले दोन मिनिटं बोला म्हणून सांगतलं. या उर्दू शाळेच्या पटांगणात मी आजवर शंभरदा आलो असन. मतदान असलं तर आलो, भांडण असलं तर आलो. बोलायले कधी आलो नाही. सोमवारी हमीद मास्तर गेले. तीन दिवसांपासून मी शब्द जुळवून राह्यलो, पण ते जुळून नाही राह्यले.

तुम्ही मले ओळखता. मी यशवंत, या गावचा जुना पोलीस पाटील. बावीस वर्षं ते काम केलं. अन् पोलीस पाटलाचं काम काय? संशय घेणं. कोण आलं, कोण गेलं, कोणाच्या घरी पाहुणा कायले आला, हेच पाहायचं. आता निवृत्त झालो तरी खोड गेली नाही. आत्ताबी मी तुमच्याकडं पाहून राह्यलो तर निम्म्या लोकायवर मले संशय येते. बबन, तू मास्तरसाठी आला का सरपंचायले तोंड दाखवायले? राहू दे. सांगू नको.

जी गोष्ट सांगायची आहे ती बीटी नवीन नवीन आली तेव्हाची. म्हाताऱ्या माणसाईले आठवते. देशी कपाशी सोडून सारा मोताळा तालुका बीटीच्या मागं लागला होता. अन् खऱ्या बीटीच्या मागून चोर बीटी आली. बिनलेबलाची थैली, कोणी एसटीच्या टपावरून आणे, कोणी लग्नाच्या बस्त्यात लपवून आणे. मले वरून हुकूम होता, पाटील, डोळे उघडे ठेवा. मी ठेवले. इतके उघडे ठेवले की मिटायचे विसरलो.

त्याच वर्षी मास्तर निवृत्त झाले. माह्या वावराले लागून त्यायचं वावर. एका सकाळी मी बांधावर उभा, अन् मास्तर डवऱ्यामागं चालता चालता काहीतरी पुटपुटून राह्यले. नमाजाचं नव्हतं, ते मले ओळखू येते. उर्दूबी नव्हती. मी तुरीच्या तासात बसलो अन् कान देऊन ऐकलं.

वेंगो, वियेनी, वियेने. वेनियामो, वेनीते, वेंगोनो.

सहा शब्द. बैल वळवले की पुन्हा तेच सहा. दुसऱ्या दिवशी गेलो, तर वेगळे, पण सहाच. मी तंबाखूच्या पुडीच्या कागदावर लिहून घेतले. हसू नका. तुम्ही माह्या जागी असते तर तुमाले काय वाटलं असतं? वर मास्तरच्या नावानं परदेशी तिकिटं लागलेली पार्सलं येत. अन् मास्तरजवळ एक निळी वही. ओट्यावर बसून लिहीत, अन् मी दिसलो की मिटून मांडीखाली ठेवत. ज्याच्या मनात पाप नाही तो वही कायले मिटन? मी हिशोब लावला, सहा शब्द म्हणजे सहा ठिकाणं. सहा ठिकाणी माल उतरते. चोर बियाण्याची टोळी अन् तिचा मुनीम आपला मास्तर!

ज्या माणसानं या गावातल्या हिंदू-मुसलमान सगळ्याईच्या पोराईले पाढे शिकवले, त्याच्याबद्दल मी हा विचार केला. अन् आज खरं सांगायले उभा आहे तर पुरतं सांगतो. ती वही विठोबा गुरुजीच्या मांडीखाली असती, तर मी इतका तुरीत बसलो असतो का? नसतो बसलो. हे मले तेव्हाबी माहीत होतं.

मग एक दिवस ठाण्यातून जमादार आले. मास्तरनं पासपोर्टचा अर्ज केला होता, त्याची चौकशी. जमादार म्हणे, "पाटील, माणूस कसा आहे? तुम्ही म्हणान ते लिहू." चांगला माणूस होता जमादार, त्याले घाई होती. मी म्हटलं, मीच लिहून देतो. अन् मी माह्या हातानं दोन ओळी लिहिल्या. चालचलणूक संशयास्पद. अनोळखी भाषेत गुप्त लिखाण करतो.

मंडळी, हे आजवर कोणाले माहीत नाही. माह्या घरच्या बाईलेबी नाही. ती तिकडं बसली आहे, अन् आत्ता पहिल्यांदा ऐकून राह्यली.

पासपोर्ट आला नाही.

दोन-तीन महिने गेले अन् मास्तर कोणाकडं आले? माह्याकडं. म्हणे, "पाटील, तुमची ठाण्यात ओळख आहे, जरा विचारून पाहता का? कागद कुठं अटकला?" मी म्हटलं, हाव मास्तर, विचारतो. गेलो नाही. जाणार कसा? पण त्या दिवशी धीर करून विचारलं, मास्तर, हे वहीत काय लिहिता तुम्ही?

मास्तर लाजले. साठीकडं चाललेला माणूस पोरीसारखा लाजला. वही उघडून माह्यासमोर ठेवली. म्हणे, "सलीम इटलीत गाईच्या गोठ्यावर कामाले आहे, पुस्तकाईचे पार्सल तोच धाडते. त्यानं तिथंच लग्न केलं. त्याची लेक आता बोलायले लागली, पण तिले ना आपली बोली येते ना उर्दू. फोनवर एकच गोष्ट विचारते, नोन्नो, क्वांदो वियेनी? आजोबा, कधी येतोस? अन् मी इकडं खुळ्यासारखा हॅलो हॅलो करतो. म्हणून पाटील, मी एकच क्रियापद धरलं. येणं. बाकी भाषा नाही आली तरी चालन. लहानपणी आम्ही अरबीची गर्दान घोकत होतो, मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते, सारी रूपं सुरात. तशीच ही घोकतो. शाळेचा मास्तर चुका करते हे गावाले दिसू नये, म्हणून वही लपवतो."

सहा ठिकाणं म्हणे!

मले तेव्हाबी पुरता विश्वास नाही बसला. मी वहीवर बोट ठेवून उलटतपासणी घेतली. मूळ शब्द वेनीरे, मग मी येतो म्हणताना वेंगो कसं? हा ग कुठून घुसला? अन् पुढं वेर्रो, म्हणजे मी येईन. इथं न कुठं गायब झाला? थैलीवर एक नाव अन् आतून दुसरंच बी, असं हे दिसते. मास्तर खूप हसले. म्हणे, "पाटील, आपलं पाहा ना. आज येतो, काल आलो. ये चं आलो कसं झालं, त्याची कधी चौकशी केली का? जो शब्द रोज तोंडात असते तोच नियम मोडते. कधीमधी लागणारे शब्द बिचारे कायद्यानं चालतात."

त्या दिवसापासून मी मास्तरच्या ओट्यावर बसू लागलो. तुम्ही म्हणत होते, पाटील अन् मास्तरची काय जोडी जमली! जोडी नव्हती ते. मी पहारा देऊन राह्यलो होतो. पहिले मास्तरवर, अन् मग स्वतःवर, की तोंडून काही निघून नाही गेलं पाहिजे.

पहिल्या वर्षी मास्तर तलावाच्या पाळीवर जाऊन, तिथं रेंज येत होती, फोनवर ओरडत, वेर्रो, वेर्रो! मी येईन. पोरगी तिकडून हसे. सलीमनं सांगतलं, अब्बा, मले गोठा सोडून पोरीले घेऊन येणं जमत नाही, अर्ज पुन्हा करा. मास्तर म्हणे, पुन्हा चौकशी नको. घरी पोलीस येतात, गल्ली पाहते, या वयात शोभत नाही. मग त्यायनं वहीचं पुढचं पान उघडलं. वेर्रेई. मी येईन, पण. जमलं तर, गुडघे चालले तर, कागद आला तर. कपाशीवर ती गुलाबी अळी पडली अन् सगळ्याईची बोंडं सडली, त्या साली ते शेवटच्या पानावर होते. सारेई वेनुतो. मी आलो असतो. ते रूप त्यायनं मले तीनदा म्हणायले लावलं, अन् माह्या उच्चारातली चूक सुधारली. माह्या! ज्यानं त्यायले त्या पानापर्यंत पोचवलं, त्याच्या!

मी सांगून टाकायले पाहिजे होतं. ठाण्यात जाऊन चुकलं म्हणून लिहून द्यायले एक दिवस लागला असता. नाही गेलो. कारण काय? भीती. पाटलानं खोटं लिहिलं हे गावाले कळन, ही भीती. एवढ्यासाठी मी एका पोरीले आजा पाहू दिला नाही.

अन् एक संशय मले आजबी आहे. पंधरा दिवसांपूर्वी मी मास्तरकडं गेलो. खाटेवर होते. चहा आला. मास्तर म्हणे, "पाटील, पासपोर्ट काऊन नाही आला, हे मले अख्ख्या गावानं विचारलं. दूधवाल्यानं विचारलं, न्हाव्यानं विचारलं. तुम्ही साऱ्या जगाचे प्रश्न विचारता. तुम्ही कधीच नाही विचारलं."

मी कप खाली ठेवला. मी त्यायच्याकडं पाह्यलं. मास्तर म्हणे, "चाय ठंडी हो रही है, पियो."

त्यायले माहीत होतं का? कधीपासून? पहिल्या दिवशी मदत मागायले आले, तेव्हाच माहीत होतं का? मले बोलायची संधी देत होते का, इतकी वर्षं, रोज, चहासोबत? बावीस वर्षं मी माणसाईच्या चेहऱ्यावरून चोर ओळखले. मास्तरचा चेहरा मले वाचता नाही आला. अन् आता विचारायले कोणी नाही.

सलीम, तू मघापासून पोरीच्या कानात बोलून राह्यला. तिले हे सारं सांग. काही गाळू नको. माहं नाव सांग, अन् बोट दाखव. तिले मले काही म्हणायचं असन तर म्हणू दे, मले समजन तेवढं समजन.

आता दोन मिनिटं उभं राहून मास्तरले निरोप द्यायचा आहे. पण त्याच्याआधी गावासमक्ष माही जबानी घ्या. उठा. मायबाई, तुम्हीबी उठा.

मी यशवंत, माजी पोलीस पाटील, खरं सांगतो. अब्दुल हमीद मास्तर, राहणार इथले. चालचलणूक उत्तम. कोणाची तक्रार नाही. त्यायले जिथं जायचं असन तिथं जाऊ द्यावं, माही हरकत नाही.

माना खाली घाला.