पान बारावरची शेवटची ओळ

न्यायाधीश : पान बारावरची शेवटची ओळ मी सांगितलेली नाही, काका.

स्टेनो : नाही, मॅडम.

न्यायाधीश : ‘हा कायदा सर्वांच्याच बाबतीत रद्द समजावा.’ आली कुठून?

स्टेनो : माझ्याकडून.

न्यायाधीश : अकरा वर्षांत तुमचा एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला नाही. आज अख्खं वाक्य?

स्टेनो : आपण वाचूनच सही करता, ठाऊक होतं. तरी हात गेला. जावई आत आहे, मॅडम. याच स्थानबद्धतेच्या कायद्याखाली.

न्यायाधीश : कधीपासून?

स्टेनो : सात महिने झाले. शाळेची व्हॅन चालवतो. संपात डोकी फुटलेल्या तिघांना दवाखान्यात पोचवलं, एवढंच. ना आरोप, ना तारीख. मुलगी आमच्याकडेच असते. बाळाला दोन दात आलेत. ती ते नवऱ्याला पत्रात काढून पाठवते, पेन्सिलीने. पत्रं पोचतात की नाही, देव जाणे.

न्यायाधीश : हे आधी सांगायचं होतंत. मी दुसऱ्या कुणाला बसवलं असतं.

स्टेनो : म्हणूनच नाही बोललो.

न्यायाधीश : गेल्या साली याच कायद्यावर मी सर्वांसाठी निकाल लिहिला होता. काय झालं?

स्टेनो : मंत्री म्हणाले, आम्हाला लोकांनी निवडून दिलंय, यांना कुणी? एकालाही सोडलं नाही.

न्यायाधीश : तुरुंगाच्या किल्ल्या माझ्याकडे नसतात, काका. या एका अर्जदारापुरतं लिहिलं तर पाळू, असं सरकारी वकील भर कोर्टात बोललेत. तो तरी परवा घरी जेवेल.

स्टेनो : पान नऊवर आपणच म्हणता, कायदा घटनेला धरून नाही. मग तो एकट्यापुरताच वाईट?

न्यायाधीश : कायदा तपासणं माझं काम. सगळ्यांच्या डोक्यावर बसणं नाही. आज शेवटचा शब्द माझा म्हटलं, की उद्या या खुर्चीत जो येईल त्याचाही तो होतो. तो कसा असेल, कुणी सांगावं?

स्टेनो : डोक्यावर ते बसलेतच की.

न्यायाधीश : ओळ काढा, काका.

(कळफलकाचा आवाज.)

स्टेनो : काढली. आत असलेल्या बाकीच्या चारशेंनी काय करायचं?

न्यायाधीश : ज्याने त्याने अर्ज करायचा.

स्टेनो : मुलगीही करेल मग. आपल्यापुढेच येईल ना?

न्यायाधीश : आता नाही. तुमचा जावई आहे हे मला कळलंय. मला बाजूला व्हावं लागेल.

स्टेनो : म्हणजे शेजारच्या दालनातल्या साहेबांपुढे.

न्यायाधीश : हो.

स्टेनो : त्यांनी या कायद्याखालचा एकही अर्ज आजवर मंजूर केलेला नाही.

न्यायाधीश : माहीत आहे मला.

स्टेनो : सहीसाठी जागा सोडलीये, मॅडम. किती प्रती काढू?