बिचिर माशाचा श्रावण

गुळुक्!

मंडळी, ऐकलंत? सगळं घर गप्प, आणि त्यात एवढाच आवाज! फिशटँकमधला मासा वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि परत तळाशी जातो. बिचिर त्याचं नाव. डायनासोरच्या काळातलं घराणं! पाठीवर करवतीसारखे पर, आणि पक्का मांसाहारी.

आता मला सांगा – उपाशी जिवाला काय वाढावं? त्याला हवं ते, की आपल्याला पुण्य देईल ते? सोपं वाटतंय? ऐका तर!

देवगडची शर्वरी. नवरा प्रसन्न बोटीवर नोकरीला, महिनोन् महिने बाहेर. घरात ती, चार वर्षांची मनवा आणि हा मासा. जाताना प्रसन्न म्हणाला होता, "मी येईपर्यंत जगव गं त्याला." मनवा झोपली की बोलायला कुणी नाही. गुळुक् झालं की शर्वरी म्हणायची, "हं, आहे मी."

श्रावण लागला. गावाहून सासूबाईंचा फोन!

"त्या माशाक कोळंबी घालतंस?"

"आई, तो दुसरं खातच नाही."

"श्रावणात? टाकीत असलो म्हणून काय झाला? आपल्याच घरातलो मां तो!"

झालं! बिचिरलाही श्रावण! कणकेच्या गोळ्या टाकल्या – त्याने हुंगल्या, सोडल्या. रोज तेच.

"आई, तो जेवत का नाही?" मनवाने विचारलं.

शर्वरी आपलं अर्धं ताट झाकत होती. "एकट्याला जेवण जात नाही गं."

कुणाबद्दल बोलली ती? तुम्ही ओळखलंत. पोरीला वाटलं, माशाबद्दल!

मनवाची एक मासोळी होती, बरणीत. ठमी – लालचुटुक, बोटाच्या पेराएवढी. आई कपडे वाळत घालायला गेली, तशी पोर स्टुलावर चढली आणि बरणी टाकीत ओतली. "घे, तुला सोबत!"

शर्वरी परतली. बरणी रिकामी. टाकीत बिचिर – एकटाच.

सासूबाईंना सांगून तिने त्याच दिवशी कोळंबी आणली. पण ठमी?

तेव्हा मंडळी, पान वाढताना समोरच्याची भूक आधी विचारा. आपलं पुण्य त्याच्या ताटात वाढू नका! आणि शेजारी कुणी एकटी जेवत असेल, तर आज जाताना तिचं दार वाजवा.

एवढं मी सांगू शकते. पण शर्वरीपुढचा प्रश्न मलाही सुटलेला नाही. मनवा काचेला नाक लावून उभी होती. आत गुळुक् झालं, आणि तिने मान वळवली –

"आई, सोबत हवी होती ना त्याला? मग का खाल्ली त्याने ठमी?"